शीर्षकातले मोठे अक्षर : नगर जिल्ह्यातील ग्रंथनोंदींचा मागोवा

देवनागरीत अक्षराला मोठे आणि छोटे अशी दोन रूपे नाहीत. 'नागापूर' हा शब्द वाक्याच्या सुरुवातीला आला, मध्येच आला किंवा पुस्तकाच्या नावात आला, तरी तो सारखाच लिहिला जातो. तेच नाव रोमन लिपीत लिहायचे म्हटले की पहिल्या अक्षरापाशी थांबावे लागते. हे गावाचे नाव आहे, म्हणून अक्षर मोठे हवे, हे लिहिणाऱ्याला ठाऊक असावे लागते. संदर्भसूची तयार करणाऱ्या संगणकप्रणाली हा निर्णय स्वतःकडे घेतात. नगर शहराच्या उत्तरेला मनमाड रस्त्यावर असलेल्या, आज औद्योगिक वसाहतीमुळे ओळखल्या जाणाऱ्या या गावाचे नाव सूचीत नीट उतरेल की बिघडेल, हे त्या निर्णयावर ठरते. प्रश्न मात्र संगणकाने आणलेला नाही. मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत नोंदवायला सुरुवात झाली तेव्हापासून तो आहे आणि त्याचे धागे एकोणिसाव्या शतकातल्या नगरपर्यंत जातात.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे केले. मिशनचा छापखाना मुंबईत होता आणि तेथे १८१७ मध्येच मत्तयाचे शुभवर्तमान मराठीत छापले गेले होते. नगरचे जिल्हा वाचनालय १८३८ चे, म्हणजे महाराष्ट्रातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ मध्ये नगरहूनच सुरू झाले आणि नंतर मुंबईला गेले. छापील मराठी मजकूर नगरकरांच्या हाती येऊ लागला तो हा काळ. त्या मजकुरामागे मुंबईच्या मिशन छापखान्यात टॉमस ग्रॅहमने घडवलेले देवनागरी खिळे होते. याच छापखान्यात उमेदवारी केलेल्या जावजी दादाजींनी पुढे निर्णयसागर छापखाना उभा केला.

इंग्रजी मजकूर जुळवणाऱ्या जुळाऱ्यापुढे दोन पेट्या असत. वरच्या पेटीत मोठी अक्षरे, खालच्या पेटीत छोटी. मराठी जुळाऱ्याच्या पेट्यांत अर्धी अक्षरे, जोडाक्षरे, वेलांट्या, उकार आणि रफार मिळून शेकडो खण असत. पण एकाच अक्षराची थोरली आणि धाकटी जोडी कुठल्याही खणात नव्हती. मुखपृष्ठावर नाव उठून दिसावे म्हणून मराठी जुळारी मोठ्या आकाराचा किंवा ठसठशीत खिळा घेई. इंग्रजी मुखपृष्ठावर त्या काळी सारे नावच मोठ्या अक्षरांत जुळवण्याची पद्धत होती. त्यामुळे मराठी पुस्तकाची नोंद करणारा मुखपृष्ठावरचे नाव जसेच्या तसे उतरवू शकत होता. इंग्रजी पुस्तकाची नोंद करणाऱ्याला सरसकट मोठ्या अक्षरांतल्या नावातून कोणते अक्षर मोठे ठेवायचे आणि कोणते छोटे करायचे, हे स्वतः ठरवावे लागे. मुखपृष्ठ त्याला याबाबत काहीच सांगत नसे.

मराठी पुस्तकांची नावे रोमन लिपीत आणण्याची पहिली मोठी सक्ती कायद्याने झाली. त्याआधी मुंबई इलाख्याचे शिक्षणसंचालक अलेक्झांडर ग्रँट यांनी १८६४ अखेरपर्यंतच्या देशी प्रकाशनांची यादी करवून घेतली होती. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्याने मात्र प्रत्येक छापील पुस्तकाची नोंदणी बंधनकारक केली. कायद्याच्या अठराव्या कलमात नोंदीचे रकानेच दिलेले होते : पुस्तकाचे नाव आणि मुखपृष्ठावरचा मजकूर, ते इंग्रजीत नसल्यास त्याचे इंग्रजी भाषांतर, पुस्तकाची भाषा, लेखक, विषय, छपाईचे आणि प्रकाशनाचे ठिकाण, छापणाऱ्याचे नाव, प्रकाशनाची तारीख, पानांची संख्या, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या, शिळाप्रेसवर छापले की खिळ्यांनी, किंमत आणि मालकी हक्क. दर तिमाहीला ही यादी सरकारी गॅझेटात प्रसिद्ध होई. आज एकोणिसाव्या शतकातल्या मराठी छपाईचा अभ्यास करणाऱ्याला या याद्यांवाचून पुढे जाता येत नाही. त्या तयार करणाऱ्या कारकुनांपुढे रोमन लिपीतली एक ठरलेली मराठी नव्हती. एकाच गावाचे नाव एका तिमाहीत एका वर्णलेखनाने, पुढच्या तिमाहीत दुसऱ्याने लागे. 'अहमदनगर' हेच पाहावे. १८८४ चा जिल्हा गॅझेटिअर 'एम'नंतर स्वर कोणता घ्यायचा याचा एक निर्णय करून 'अहमदनगर' छापतो, तर रेल्वेच्या आणि कचेऱ्यांच्या लिखाणात त्याच जागी वेगळा स्वर रूढ झाला. अक्षर मोठे की छोटे ही त्या पसाऱ्यातली लहानशी बाब होती, तरी प्रत्येक नोंदीत ती होतीच.

पाश्चात्त्य ग्रंथालयांत या बाबतीत दोन परंपरा घडल्या आणि आजच्या संगणकप्रणालींचा सगळा घोळ त्या दोहोंच्या भांडणातून आला आहे. ग्रंथपालांची परंपरा काटकसरी. चार्ल्स कटर यांनी १८७६ च्या आपल्या तालिकेच्या नियमांत मोठ्या अक्षरांसाठी स्वतंत्र भाग दिला, आणि पुढच्या अँग्लो-अमेरिकन नियमावल्यांनीही हीच वाट धरली : शीर्षकातला पहिला शब्द मोठ्या अक्षराने सुरू करावा, पुढे फक्त विशेषनामांना मोठे अक्षर द्यावे, म्हणजे साधे वाक्य लिहावे तसे शीर्षक लिहावे. दुसरी परंपरा प्रकाशकांची आणि वृत्तपत्रांची, विशेषतः अमेरिकेतली. तिच्यात शीर्षकातल्या सर्व महत्त्वाच्या शब्दांना मोठे अक्षर मिळते, फक्त 'ऑफ', 'अँड', 'द' असे लहान शब्द मध्ये आले तर छोटे राहतात.

नगरच्या किल्ल्यातले एक पुस्तक दोन्ही परंपरांत लिहून पाहिले की फरक लगेच कळतो. जवाहरलाल नेहरूंनी १९४२ ते १९४५ या कैदेच्या काळात तेथे 'द डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिले आणि ते १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रकाशकी पद्धतीत यात 'द', 'डिस्कव्हरी' आणि 'इंडिया' या तिन्ही शब्दांची पहिली अक्षरे मोठी. ग्रंथपाली पद्धतीत 'डिस्कव्हरी'चे अक्षर छोटे होते, पण 'इंडिया'चे मोठेच राहते, कारण ते देशाचे नाव आहे. पहिल्या रूपातून दुसरे रूप करायचे तर 'डिस्कव्हरी' हा सामान्य शब्द आणि 'इंडिया' हे विशेषनाम हा फरक ठाऊक हवा. त्याच किल्ल्यात त्याच काळात मौलाना आझादांनी 'गुबार-ए-खातिर'मधली पत्रे लिहिली. ते पुस्तक उर्दूत आहे आणि उर्दू लिपीतही मोठे अक्षर नाही. त्याचे नाव रोमन लिपीत आले की 'ए' आणि 'खातिर' मोठे की छोटे, हे दर सूचीकार आपापल्या परीने ठरवतो, आणि ग्रंथालयांच्या नोंदींत ही रूपे वेगवेगळी दिसतात.

मराठीतल्या सर्वांत मोलाच्या सूचीला या प्रश्नाचा स्पर्शही झाला नाही. शंकर गणेश दाते यांनी १८०० ते १९३७ या काळातल्या मराठी पुस्तकांची 'मराठी ग्रंथसूची' तयार केली आणि १९३८ ते १९५० या काळाचा पुढचा भाग १९६१ मध्ये आला. पुस्तके विषयवार लावली, प्रत्येक नोंद देवनागरीत दिली. एकट्या माणसाने हाती घेतलेले हे काम इतके विस्तृत आहे की मराठी ग्रंथांच्या इतिहासावर लिहिणारा कोणीही आजही आधी दाते उघडतो. मराठी नियतकालिकांच्या १८०० ते १९५० या काळाच्या सूचीतही त्यांचा मोठा वाटा आहे. शरद केशव साठे यांनी हे काम १९५१ च्या पुढे नेले. दात्यांच्या नोंदीत लेखकाचे नाव, पुस्तकाचे नाव आणि छपाईचे गाव हे सगळे एकाच लिपीत, सरळ उभे आहे. तेथे विशेषनाम ओळखण्याचे काम वाचक करतो, आणि मराठी वाचकाला ते जड जात नाही. सूचीशास्त्राच्या दृष्टीने हा मोठाच फायदा आहे, आणि तो पुरेसा ओळखला गेलेला नाही. लिपीत एक भेद नसल्यामुळे सूचीत एक चूक शिरण्याची वाटच बंद होती.

स्वातंत्र्यानंतर ही वाट पुन्हा उघडली. १९५४ च्या कायद्याने प्रकाशित पुस्तकाची एकेक प्रत ठरावीक ग्रंथालयांकडे पाठवणे बंधनकारक झाले. मुंबईत ती मध्यवर्ती ग्रंथालयाकडे जाते. कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आलेल्या पुस्तकांवरून बी. एस. केशवन यांच्या देखरेखीखाली राष्ट्रीय ग्रंथसूची निघू लागली. सर्व भारतीय भाषांतली पुस्तके एका क्रमात लावायची म्हणून ती रोमन लिपीत, अक्षरांवर-अक्षरांखाली खुणा देऊन छापली गेली. १९६२ पासून अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाची दिल्लीतली कचेरी अमेरिकी धान्याच्या विक्रीतून जमलेल्या रुपयांत भारतीय पुस्तके विकत घेऊ लागली. मराठी पुस्तकेही पेट्या भरून परदेशी विद्यापीठांत गेली आणि त्यांच्या नोंदी रोमन लिपीत झाल्या. आज जगभरच्या ग्रंथालयांच्या एकत्रित तालिकेत मराठी पुस्तक शोधले की जी रोमन नोंद समोर येते, तिचे मूळ पुष्कळदा या कचेरीत सापडते.

या लिप्यंतराचे नियम काटेकोर आहेत. मराठी उच्चारात न येणारा शेवटचा 'अ'सुद्धा लिहिला जातो, म्हणून प्रकाशनस्थळ 'अहमदनगर' हे 'अहमदनगरा' असे वाटावे अशा रूपात दिसते. 'नागपूर' आणि 'नागापूर' या दोन नावांत रोमन लिपीत फरक उरतो तो दुसऱ्या स्वरावरच्या आडव्या रेघेपुरता. ती रेघ गळाली, आणि जुन्या संगणकांवर ती नेहमीच गळे, की विदर्भातले शहर आणि नगरजवळचे गाव यांची रूपे अगदी सारखी होतात. बीड जिल्ह्यात परळीजवळ, वाण धरणापाशी, आणखी एक नागापूर आहे. म्हणजे रेघ टिकली तरी काम संपत नाही.

मोठ्या अक्षराबाबत या नोंदींनी कटर यांचीच वाट ठेवली : पहिला शब्द आणि विशेषनामे. पण मराठी विशेषनाम ओळखणे परक्या सूचीकाराला सोपे नव्हते. नगर जिल्ह्यातच त्याचे उत्तम उदाहरण आहे. या भागात कोणीही 'अहमदनगर' असे पूर्ण नाव बोलत नसे. बसवर, बाजारात आणि घरात 'नगर'च म्हटले जाई, आणि २०२४ मध्ये जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाल्यावरही ती सवय गेलेली नाही. तेव्हा एखाद्या पुस्तकाच्या नावात मध्ये 'नगर' आले तर ते हे शहर की कुठलेही शहर? पहिल्या अर्थी अक्षर मोठे, दुसऱ्या अर्थी छोटे. 'प्रकाश', 'ज्योती', 'सुमन', 'विजय' या शब्दांचेही तसेच आहे, कारण ती माणसांची नावेही आहेत. शिवाय मराठीत प्रत्यय नामाला चिकटतो. 'नागापूरचा', 'नागापुरातील', 'नागापूरकर' या तिन्ही रूपांत गावाचे नाव आहे आणि त्यातल्या एकात तर मूळ दीर्घ ऊकार ऱ्हस्व झालेला आहे. नामांची यादी पाठ केलेल्या यंत्रालाही ते सहज सापडणार नाही.

यंत्राचा प्रवेश झाला तेव्हा तर त्याला छोटी अक्षरेच नव्हती. १९६३ च्या पहिल्या अमेरिकी संकेतप्रणालीत केवळ मोठी अक्षरे होती. छोटी अक्षरे १९६७ च्या सुधारणेत आली. त्या तक्त्यात मोठ्या 'ए'चा क्रमांक ६५ आणि छोट्याचा ९७. प्रत्येक अक्षराच्या दोन रूपांत ३२ चा फरक आहे, म्हणजे संगणकाच्या भाषेत फक्त एका द्विमान अंकाचा. त्यामुळे मोठ्याचे छोटे आणि छोट्याचे मोठे करणे यंत्राला अत्यंत सोपे झाले. तो अंक बदलावा की नाही, हे कळणे मात्र त्याच्या आवाक्यात नव्हते. काँग्रेस ग्रंथालयाने १९६० च्या दशकाच्या अखेरीस हेन्रिएट ॲव्हरम यांच्या पुढाकाराने यंत्रवाचनीय नोंदींचा जो साचा घडवला, त्यात दोन्ही प्रकारची अक्षरे आणि स्वरचिन्हे यांना जागा होती. ग्रंथपालांची जुनी पद्धत त्यामुळे संगणकातही टिकली.

संशोधकांच्या हातातली पहिली मोठी प्रणाली वेगळ्या वाटेने गेली. १९८५ मध्ये ओरेन पाताश्निक यांनी लेझ्ली लॅम्पोर्ट यांच्या लाटेक या अक्षरजुळणी प्रणालीसाठी बिबटेक् लिहिली. तिच्या नेहमीच्या शैलींमध्ये लेखाचे शीर्षक आले की पहिले अक्षर आणि विसर्गासारख्या दोन टिंबांनंतरचे पहिले अक्षर सोडून बाकी सगळी अक्षरे छोटी केली जातात. पुस्तकाच्या नावाला ती हात लावत नाही. विशेषनाम वाचवायचे तर ते महिरपी कंसात घालावे लागते. कंसातला मजकूर यंत्र जसाच्या तसा ठेवते. समजा, नागापूरच्या औद्योगिक वसाहतीतल्या सांडपाण्यावर कोणी इंग्रजीत लेख लिहिला आणि शीर्षकात गावाचे नाव व 'एमआयडीसी' ही आद्याक्षरे आली. कंस न घालता ही नोंद दिली तर सूचीत गावाचे नाव छोट्या अक्षराने सुरू होते आणि 'एमआयडीसी' ही चार अक्षरे अर्थ नसलेल्या एखाद्या छोट्या शब्दासारखी छापली जातात. गणित आणि अभियांत्रिकीच्या असंख्य प्रबंधांत असे छोटे झालेले देश, गावे आणि शास्त्रज्ञ सापडतात.

यावर एक सोपा वाटणारा उपाय पसरला : संपूर्ण शीर्षकालाच दुहेरी कंस घालणे. त्याने विशेषनामे वाचतात, पण शैली बदलण्याची सोयच जाते. ज्या नियतकालिकाला साध्या वाक्यासारखे शीर्षक हवे, तेथेही सगळे शब्द मोठ्या अक्षरांनी उभे राहतात. सूची एकदा भरावी आणि हव्या त्या शैलीत छापावी, यासाठीच तर या प्रणाली निर्माण झाल्या. शब्दागणिक कंस घालण्याचे कंटाळवाणे कामच योग्य आहे, आणि ते नोंद भरतानाच करावे लागते.

व्हर्जिनियातल्या जॉर्ज मेसन विद्यापीठाने २००६ मध्ये आणलेल्या झोटेरो या सूचीप्रणालीने हा क्रम उलटा केला. तिच्या मार्गदर्शनानुसार शीर्षक साध्या वाक्याच्या रूपात साठवावे, विशेषनामे मोठ्या अक्षरात ठेवावीत आणि जिथे प्रकाशकी पद्धत हवी तिथे यंत्राने बाकीचे शब्द मोठे करावेत. यामागचा विचार पक्का आहे. छोट्याचे मोठे करताना माहिती लागत नाही, नियम पुरतो. मोठ्याचे छोटे करताना कोणते नाम विशेष आहे हे ठाऊक असावे लागते. म्हणून ज्या रूपात अधिक माहिती आहे ते साठवावे. कटर यांच्या काटकसरीच्या नियमाला सव्वाशेहून अधिक वर्षांनी असे तार्किक समर्थन मिळाले.

झोटेरो आणि तिच्यासारख्या अनेक प्रणाली ज्या सामायिक शैलीभाषेवर चालतात, तिच्या नियमात मराठीच्या दृष्टीने एक कळीचा मुद्दा आहे. शीर्षकातले शब्द मोठे करण्याचे काम फक्त इंग्रजी नोंदींवर होते. पण नोंद इंग्रजी नाही हे यंत्राला भाषेच्या रकान्यावरून कळते, आणि तो रकाना मोकळा असेल तर इंग्रजी शैलीत नोंद इंग्रजीच धरली जाते. जगाच्या तालिकेतून उतरवलेल्या रोमन लिपीतल्या मराठी पुस्तकाच्या नोंदीत भाषेचा रकाना रिकामा राहिला, तर शिकागो शैलीत तिचे प्रत्येक पद मोठ्या अक्षराने सुरू होते. 'आणि', 'व', 'पण' हे शब्दही सुटत नाहीत, कारण यंत्राकडची लहान शब्दांची यादी इंग्रजीची आहे. उलट मराठी 'तो' रोमन लिपीत इंग्रजी 'टू'सारखा लिहिला जातो, म्हणून तो मात्र छोटा राहतो. रकान्यात मराठीची 'एमआर' ही दोन अक्षरे घातली की हा सगळा प्रकार थांबतो. बिबटेक्‌नंतर आलेल्या बिबलाटेक्‌नेही नोंदीची भाषा पाहून, इंग्रजी असेल तरच अक्षरे छोटी करण्याचा नियम स्वीकारला. दोन वेगळ्या घराण्यांतल्या प्रणाली एकाच निष्कर्षाला आल्या, यातच त्याचा खरेपणा दिसतो.

नागापूरवरून मनमाड रस्त्याने पुढे गेले की राहुरी लागते. १९६८ मध्ये स्थापन झालेल्या महात्मा फुले कृषी विद्यापीठामुळे शेतीविषयक प्रबंधांचे हे मोठे केंद्र आहे, आणि शेतीच्या संदर्भसूचीत मोठ्या अक्षराची परीक्षा सर्वांत कडक होते. वनस्पतीच्या शास्त्रीय नावात प्रजातीचा पहिला शब्द मोठ्या अक्षराने आणि जातीचा दुसरा शब्द छोट्या अक्षराने लिहावा, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. ज्वारी म्हणजे 'सोर्घम बायकलर' : 'सोर्घम'चे अक्षर मोठे, 'बायकलर'चे छोटे. प्रकाशकी पद्धतीने 'बायकलर' मोठे झाले तरी चूक आणि बिबटेक्‌ने 'सोर्घम' छोटे केले तरी चूक. अशा शब्दांना झोटेरोत 'अक्षर बदलू नये' अशी खूण लावता येते, आणि ती लावणे हा येथे शिस्तीचा भाग मानला पाहिजे.

वाणांच्या नावांत तर मोठे अक्षर अर्थच धरून असते. विद्यापीठाने दिलेल्या वाणांच्या नावांना 'फुले' हा शब्द जोडतात : 'फुले वसुधा', 'फुले रेवती' या ज्वारीच्या जाती. रोमन लिपीत अक्षर मोठे असेल तर तो जोतीराव फुल्यांचा उल्लेख, छोटे झाले तर नुसती झाडाची फुले. फुलशेतीवरच्या लेखांच्या यादीत असे शीर्षक आले तर वाचकाची दिशाभूल ठरलेली. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राने दिलेला 'फुले २६५' शास्त्रीय लेखांत 'सीओएम ०२६५' या नावाने येतो. यात मोठा 'सी' आणि छोटा 'ओ' मिळून कोईमतूर, पुढचा मोठा 'एम' म्हणजे महाराष्ट्र. सगळी अक्षरे छोटी झाली की तो संकेतस्थळाच्या पत्त्याच्या शेपटासारखा दिसतो आणि वाणाचा उगम पुसला जातो.

प्रबंधांच्या बाबतीत आणखी एक अडचण आपल्या विद्यापीठांच्या प्रथेतून आली. मुखपृष्ठावर इंग्रजी शीर्षक सरसकट मोठ्या अक्षरांत टंकण्याची पद्धत सर्वत्र आहे. शोधगंगा या राष्ट्रीय भांडारात प्रबंध चढवताना किंवा संदर्भ म्हणून नोंद घेताना तेच शीर्षक तसेच उचलले जाते. मोठी अक्षरे छोटी करण्याची कळ दाबली की गावे, पिके, आद्याक्षरे सगळी एकदम छोटी होतात आणि मग एकेक शब्द हाताने उभा करावा लागतो. एकोणिसाव्या शतकातल्या इंग्रजी मुखपृष्ठापुढे बसलेल्या ग्रंथपालाचे काम आज संशोधक विद्यार्थ्याकडे आले आहे.

रोमन लिपीतूनच देवनागरी टंकण्याच्या पद्धतींनी तर मोठ्या अक्षराला उच्चाराचे काम दिले. हार्वर्ड-क्योटो पद्धतीत छोटा 'ए' म्हणजे 'अ' आणि मोठा 'ए' म्हणजे 'आ'. छोटा 'एन' म्हणजे 'न' आणि मोठा 'ण'. अविनाश चोपडे यांच्या आयट्रान्समध्ये आणि फ्रान्स वेल्थुइस यांच्या लाटेकसाठीच्या देवनागरी पद्धतीतही दीर्घ स्वर मोठ्या अक्षराने लिहिता येतात. १९९० च्या दशकात संस्कृत आणि मराठीचे अनेक अभ्यासक शीर्षके याच रूपात साठवत. बिबटेक्‌ने अशा शीर्षकाची अक्षरे छोटी केली की 'नागापूर'चे 'नगपुर' होते आणि 'मराठी'चे 'मरथि'.

महाराष्ट्रातल्या कचेऱ्यांत आणि छापखान्यांत त्याहून मोठे नुकसान जुन्या फाँटांनी केले. युनिकोड रुळण्यापूर्वी कृतिदेव, श्रीलिपी, आकृती असे फाँट वापरले जात. त्यांत संगणक आत इंग्रजी अक्षरेच साठवतो, पडद्यावर मात्र त्यांच्या जागी देवनागरी आकार दाखवतो. कृतिदेवमध्ये 'नागापूर' लिहायला यू, के, एक्स, के, आय, डब्ल्यू, जे या सात कळा छोट्या रूपात दाबाव्या लागतात. हा शब्द सूचीप्रणालीला इंग्रजी वाटतो. तिने पहिले अक्षर मोठे केले की छोट्या 'यू'चा पूर्ण 'न' जाऊन मोठ्या 'यू'चा अर्धा 'न्' येतो. पुढचा काना त्या अर्ध्या अक्षराला दांडी पुरवतो आणि डोळ्यांना पूर्ण 'न' दिसतो, पण काना खर्ची पडलेला असतो. 'नागापूर'चे 'नगापूर' झाले, आणि ही चूक इतकी साळसूद की मुद्रितशोधकाच्याही नजरेतून निसटावी. सगळी अक्षरे मोठी केली तर कान्याच्या जागी 'ज्ञ' आणि 'र'च्या जागी 'श्र' उमटतो. ती मोडतोड निदान लगेच दिसते. उलट दिशेनेही तेच. 'भारत'मधला 'भ' मोठ्या 'एच'ने सुरू होतो. तो छोटा झाला की 'भ' नाहीसा होऊन तेथे दीर्घ वेलांटी येते.

युनिकोडमुळे हा धोका मुळातून गेला. त्यात देवनागरीची प्रत्येक खूण स्वतंत्र क्रमांकाची आहे आणि तिला मोठे-छोटे रूप नाही, असे तिच्या गुणधर्मांतच नोंदलेले आहे. अक्षर मोठे करण्याची आज्ञा देवनागरी शीर्षकावर चालवली तरी काहीच बदलत नाही. हे सगळ्याच लिपींच्या वाट्याला आलेले नाही. जॉर्जियन लिपीसाठी २०१८ मध्ये मोठी अक्षरे नव्याने घातल्यावर तिच्यासाठी बदलाचे नियम पुन्हा लिहावे लागले. जुन्या फाँटमधली सूची आज वापरायची असेल तर क्रम महत्त्वाचा आहे : आधी मजकूर युनिकोडमध्ये आणावा, मग तो सूचीप्रणालीत घ्यावा, भाषेचा रकाना भरावा आणि शेवटी शैली लावावी. क्रम उलटा झाला तर बिघडलेला 'नगापूर' युनिकोडमध्ये कायमचा 'नगापूर' म्हणून उतरतो.

ग्रंथालयांच्या यंत्रवाचनीय नोंदीत आता रोमन शीर्षकाला जोडून मूळ लिपीतले शीर्षक ठेवण्यासाठी वेगळे क्षेत्र आहे, आणि नव्या मराठी पुस्तकांच्या नोंदींत ते भरलेले आढळते. जुन्या कार्डांवरून संगणकात आलेल्या हजारो नोंदींत ते अजून रिकामे आहे. तेथे पुस्तकाचे मराठी नाव समजून घ्यायला रोमन रूपावरच्या रेघा, टिंबे आणि मोठी अक्षरे एवढाच आधार उरतो. मराठी लेखनात अशी नोंद उद्धृत करताना ती दात्यांच्या सूचीशी ताडून देवनागरीत परत आणावी. इंग्रजी लेखनात ती पहिला शब्द आणि विशेषनामे मोठी ठेवून, भाषेचा संकेत 'एमआर' देऊन साठवावी. प्रकाशनस्थळ मुखपृष्ठावर छापले असेल तसेच द्यावे. 'अहमदनगर' छापलेल्या पुस्तकाच्या नोंदीत 'अहमदनगर'च राहते, आणि २०२४ नंतर 'अहिल्यानगर' छापलेल्या पुस्तकाच्या नोंदीत 'अहिल्यानगर' येते.